बोलता न येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी संवादफलक : वर्गात सुरुवात कशी करावी?

मांजराकाठ
नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दुसरी आणि तिसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत. यंदा तिसरीत एक मुलगी आली आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. चाकाच्या खुर्चीत बसते, हात मनासारखा वळत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. पण गोष्ट रंगली की गमतीच्या जागी सगळ्यांच्या आधी हसते ती हीच.

हजेरी घेताना मी तिचं नाव घेतलं की बाकीची पोरं एका सुरात "हजर बाई" म्हणतात. मनापासून म्हणतात, मला त्यांचं कौतुकच आहे. पण वर्षभर तिच्या नावाला दुसऱ्यांनीच ओ द्यायची हे मला पटत नाही.

गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका ठरलेल्या वारी येतात. त्यांनी पर्यायी आणि पूरक संवादाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे एएसी म्हणतात त्याबद्दल सांगितलं. चित्रांचे फलक, बोलणारं ऍप, डोळ्यांनी दाखवायची पाटी वगैरे. मी तयार आहे, घरचे नाहीत. आजी म्हणतात, "चित्रं दाखवून भागायलंय म्हणल्यावर लेकरू बोलंल कशाला? जीभ जड हाय, सुटंल." वडिलांना एका ठिकाणी "बोलणं येईपर्यंत थांबा" असंच सांगितलेलं आहे.

घरच्यांना काय सांगू? आणि दोन वर्ग सांभाळत रोज नेमकं काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा. वेळ काढून वाचीन.

वाचा_नांदेड
मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. आजींच्या शंकेपासून सुरू करते, कारण ती घरोघरी असते आणि तिच्यापायी लेकरांची मोलाची वर्षं जातात.

२००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा भक्कम होता, त्यातल्या एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं होतं, बाकीच्यांत फरक पडला नव्हता. वाढ बऱ्याच जणांत थोडीच होती, हेही आजींना सांगा. फलक दिला की जीभ सुटेल असा शब्द देऊ नका. फलकामुळे बोलणं अडत नाही एवढं मात्र छातीठोकपणे सांगा. स्पीच थेरपी बंद करायची नाही, दोन्ही सोबत चालतं.

सेरेब्रल पाल्सीत अनेकदा ओठ, जीभ, श्वास यांच्या स्नायूंवर नीट ताबा नसतो म्हणून उच्चार होत नाही. तरी भाषा आत वाढत असू शकते. बोलण्याची वाट बंद आणि दुसरी वाट दिली नाही, तर ती भाषा वापरलीच जात नाही, आणि लेकरू हळूहळू सांगायचा प्रयत्न सोडून देतं. वर्गात "शांत मूल" म्हणून ओळखली जाणारी कितीतरी मुलं अशी गप्प झालेली असतात.

"आधी एवढं आलं पाहिजे, मग फलक" अशी कुठलीही पात्रता नाही. वयाचीही नाही.

आता कामाचं. आधी तिची भरवशाची हालचाल शोधा. बोट? मूठ? डोळे? मानेचं वळण? त्याआधी बैठक बघा. कंबर मागे टेकलेली, पाय लोंबकळते नाहीत, खाली पाट किंवा फळी. बैठक डळमळीत असेल तर सगळी ताकद अंग सावरण्यातच जाते आणि आपल्याला वाटतं, हिला दाखवताच येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मी डोळ्यांपासून सुरू करीन. फोटोफ्रेमवाल्याकडून पारदर्शक ऍक्रिलिकचा तुकडा आणा, मधोमध खिडकी कापून घ्या, चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा. तिच्यासमोर बसून पाटी दोघींच्या मध्ये धरा आणि खिडकीतून तिच्या डोळ्यांकडे बघा. ती ज्या कोपऱ्याकडे बघून परत तुमच्याकडे बघेल, तो तिचा शब्द. तो मोठ्याने म्हणून खात्री करून घ्या.

"हो" आणि "नाही"साठी दोन वेगळ्या, स्पष्ट हालचाली तिच्यासोबत ठरवा. डोळे वर म्हणजे हो आणि बाजूला म्हणजे नाही, किंवा तिला जे जमेल ते. त्या खुर्चीच्या मागे कागदावर लिहून चिकटवा. बदली शिक्षक आला, शाळेत पाहुणा आला, तर त्यालाही कळलं पाहिजे.

बालाघाट
बीड जिल्ह्यात विशेष शिक्षक आहे. नांदेडच्या ताईंनी नीट सांगितलंच आहे, मी फलकाबद्दल लिहितो.

चित्रं काढत बसू नका. स्पेनमधल्या अरागॉनच्या सरकारचा आरासाक नावाचा चित्रसंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. हजारो चित्रं आहेत, विक्रीसाठी सोडून कशालाही वापरता येतात. काही चित्रं आपल्याकडची नाहीत. भाकरी, चूल, हापसा, कडब्याची गंजी यांचे सरळ फोटो काढून लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फक्त वस्तू भरू नका. बहुतेक फलक मी पाहतो ते आंबा, केळी, पोळी, दूध, गाय, म्हैस. लेकरू आंबा दाखवतं, आपण "शाब्बास" म्हणतो, संपलं. दिवसभरात आपण जे बोलतो त्यातला मोठा भाग थोड्याशा शब्दांचाच असतो, आणि ते शब्द वस्तूंचे नसतात. मी, तू, हे, ते, दे, घे, चल, थांब, बघ, अजून, झालं, नको, पाहिजे, कुठं, कोण, काय, का, आवडलं, वेगळं, पुन्हा. हे कुठल्याही तासाला, कुठल्याही खेळात चालतात. त्यांना फलकावर कायमची जागा द्या. विषयाचे शब्द दर धड्याला बदलणाऱ्या पट्टीवर ठेवा.

आणि एकदा ठरलेली जागा हलवू नका. हाताला, डोळ्याला जागेची सवय होते. "सुंदर दिसतं" म्हणून दर महिन्याला मांडणी बदलणारे लोक मी पाहिलेत, ते लेकराला दर महिन्याला नव्याने शोधायला लावतात.

मांडणीबद्दल अजून एक. तयार मिळणारे बरेचसे फलक इंग्रजीच्या क्रमाने असतात, कोण, मग क्रिया, मग वस्तू. मराठीत क्रिया शेवटी येते. म्हणून मी माणसं डावीकडे, वस्तू-जागा मधे आणि क्रिया उजवीकडे ठेवतो. "मी – पाणी – पाहिजे" असं बोट सरळ डावीकडून उजवीकडे जातं आणि वाक्य आपोआप मराठी होतं. प्रत्येक गटाला एक रंग द्या. प्रचलित पद्धतीत माणसांना पिवळा, क्रियांना हिरवा, वस्तूंना नारिंगी असतो, तोच ठेवला तर पुढे ऍपवर गेल्यावर गोंधळ होत नाही.

जालन्याचा_मास्तर
विरोध करायचा म्हणून लिहीत नाही, पण प्रश्न खरा आहे. माझ्या वर्गात पोरं भरपूर, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहार, सर्वेक्षणं. एका मुलासमोर पाटी धरून बसलो तर बाकीच्यांचं काय? आणि परीक्षेला हे चालणार आहे का? नाही तर शिकवून उपयोग काय?

वाचा_नांदेड
सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की वेगळा तास काढायचाच नाही. फलक वर्गात सतत समोर असतो आणि तुम्ही बोलता बोलता त्यावर बोट ठेवता. "आता *थांबा*." "कोण *सांगतं*?" "*झालं* का?" "हे *वेगळं* आहे." फक्त मुख्य शब्दावर बोट. ती काही दाखवते की नाही याची वाट न पाहता, तिच्याकडून काही मागणी न करता. लहान मूल बोलायला लागण्याआधी कितीतरी महिने आपलं बोलणं ऐकत असतं ना? फलकाची भाषा तिच्याशी आजवर कुणीच बोललेलं नाही. ती मोठ्यांनी आधी बोलायची असते. एएसी फसतं ते बहुतेक याच जागी. फलक लेकरापुढे ठेवतात, "दाखव पाणी, दाखव गाय" म्हणून परीक्षा घेतात आणि महिन्याभरात "याला येत नाही" म्हणून कपाटात टाकतात.

प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. दहा. हे सगळ्यात अवघड जातं, मलाही अजून जातं. तिच्या स्नायूंना हुकूम पोचायला वेळ लागतो. मधेच पुन्हा विचारलं की तिला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

परीक्षेचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये "संवाद" या शब्दाच्या व्याख्येतच पर्यायी आणि पूरक पद्धती आहेत. कलम १७ मध्ये वाचा, संवाद किंवा भाषेचं दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी या पद्धतींचा वापर वाढवणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ या सवलती आहेतच. पण लेखनिक तिच्या डोळ्यांची भाषा जाणणारा हवा, आणि ते तिसरीपासून सवयीचं असेल तरच दहावीला जमेल.

कोपीतली_आई
मी धाराशिव जिल्ह्यातली. माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे. मांजराकाठ बाई, तुमच्या विद्यार्थिनीचं वेगळं, त्याचं वेगळं, तरी घरचं सांगते.

आमच्याकडं जेलो नावाचं ऍप आहे. आयआयटी मुंबईनं केलेलं, फुकट, मराठीत आहे. चित्र दाबलं की आवाज येतो. पण फोन एकच, तो त्याच्या पप्पांसोबत शेतात. म्हणून त्यातलीच चित्रं कागदावर छापून, लॅमिनेट करून स्वयंपाकघरात, अंगणात आणि गाडीच्या डिक्कीत ठेवली. फोनची चार्जिंग संपते, लाइट जाते, कागद चालूच राहतो.

सासूबाईंचा पहिल्यांदा नकार होता. मी वाद घातला नाही. त्यांच्याशी बोलतानाही मी फलकावर बोट ठेवायला लागले. "आत्या, *चहा* – *पाहिजे*?" पुढं त्या स्वतःच नातवाला "*ये*, *बस*" असं दाखवून बोलायला लागल्या. आजीला समजावून सांगण्यापेक्षा तिच्या हातात फलक द्या.

एक सांगायचंच आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आमच्याकडं सगळं गणगोत शेतात असतं. तो दरवर्षी कान झाकून रडायचा, लोक म्हणायचे हट्टी आहे. मागच्या येळवशीच्या आधी मी एक वेगळं पान केलं. शेत, कोप, भज्जी, आंबील, आजी, मामा आणि खाली "गर्दी नको", "कान दुखतात", "लांब चल", "घरी चल". आठवडाभर रोज त्यावर बोट ठेवून येळवशीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी जेवणं सुरू झाल्यावर त्यानं पान ओढलं आणि "गर्दी नको – लांब चल" दाखवलं. पप्पा त्याला विहिरीकडं घेऊन गेले, तिथं दोघं भज्जी-भाकरी जेवले. तो रडला नाही. परत आल्यावर मामाच्या लेकीनं विचारलं, हे पान मला पण दे, मला पण गर्दी आवडत नाही.

परभणीकर
हा धागा दोनदा वाचला. मला सेरेब्रल पाल्सी आहे. माझं बोलणं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. हे सगळं उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतोय, त्यामुळे वेळ लागला. शाळेत एएसी हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

मला जो पहिला तक्ता मिळाला त्यावर पाणी, जेवण आणि संडास होतं. एवढ्यावर गोठ्यातली गाय सांभाळतात. या मुलीच्या फलकावर "तुमचं चुकलं", "मला राग आलाय", "मी सांगत होते, तुम्ही ऐकलं नाही", "गंमत करतेय", "माझ्याशी बोला, आईशी नको", "मला सांगायचंय ते इथं नाही" हे आलं पाहिजे. शेवटचं वाक्य सगळ्यात आधी द्या. फलकावर जे नाही तेच नेमकं सांगायचं असतं, हे समोरच्याला सुचतच नाही.

शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं द्या, खासगी अवयवांचीही. "दुखतंय", "मारलं", "हात लावला", "मला भीती वाटते", "कुणाला सांगू नको म्हणाले". लाजू नका. ज्याला सांगता येत नाही त्याला त्रास देणारा निर्धास्त असतो. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात दिव्यांग मुलाचा जबाब त्याची संवादपद्धत जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने घेण्याची तरतूद आहे. पण आधी सांगायला शब्द तर हवेत.

तिसरं म्हणजे, माझं वाक्य पूर्ण करू नका. मी "मला बाजा..." लिहिलं की लोक "बाजारात जायचंय?" म्हणून मोकळे होतात. मला बाजाची पेटी शिकायची होती. अंदाज सांगितलात तर "बरोबर का?" विचारा, आणि "नाही" म्हटलं तर पुन्हा थांबा.

आणि तिला अक्षरं शिकवा. चित्रं कितीही वाढवली तरी दुसऱ्यानं निवडलेली असतात. अक्षरांनी काहीही म्हणता येतं. तिसरीत आहे म्हणजे उशीर नको.

मांजराकाठ
परभणीकर दादा, तुमचा प्रतिसाद छापून मी विशेष शिक्षिकांना दिला. तिच्या आईलाही वाचून दाखवला. आईने "माझ्याशी बोला, आईशी नको" हे वाक्य स्वतः फलकावर घालायला सांगितलं.

अक्षरांचं मात्र अडतंय. डोळ्यांच्या पाटीवर चारच कोपरे. त्यात बाराखडी कशी बसवू? मात्रा, जोडाक्षरं, सगळंच आलं.

परभणीकर
पूर्ण बाराखडी नको, तिचा पसारा फार होतो. व्यंजनं, मात्रा आणि एक "जोडा" एवढं वेगवेगळं ठेवा. आपली वर्णमाला आधीच ओळींत लावलेली आहे, तिचा फायदा घ्या. पाटी न धरता तोंडीच विचारायचं. तुम्ही म्हणा, "क ची ओळ? च ची ओळ? ट ची? त ची? प ची? य ची? श ची?" ती "हो"ची खूण करेल तिथं थांबा. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक, "प? फ? ब? भ? म?" मग "मात्रा?" हो असेल तर काना, वेलांट्या, उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार असं क्रमाने. स्वरांची ओळ वेगळी. "जोडा" म्हणजे आधीचं अक्षर अर्धं. शेवटी दोन गोष्टी नेहमी विचारा : "शब्द संपला?" आणि "चुकलं, पुसू?"

क्रम कधीच बदलू नका. पाठ झाला की ती तुमच्याही पुढे असते, तुम्ही ट म्हणायच्या आधी तिला प कुठे येणार ते माहीत असतं. आवाज सपाट ठेवा. अपेक्षित अक्षराशी आपला आवाज नकळत चढतो आणि मग उत्तर तिचं न राहता आपलं होतं.

सुरुवातीला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. "पाणि" लिहिलं तरी पाणी द्या.

बालाघाट
हे माझ्या वहीत उतरवून घेतलं. हाच क्रम छापून फलकाच्या मागच्या बाजूला लावला तर कुणालाही विचारता येईल.

माझ्याकडचा एक मुलगा आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर गेला की उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या भागात. त्याच्यासाठी मोठा फलक चालत नाही. छोटी कार्डं, कडीत ओवलेली, कमरेच्या करदोट्याला बांधलेली. वरचं कार्ड त्याच्यासाठी नाही, समोरच्यासाठी आहे : "मला बोलता येत नाही, सगळं समजतं. मी बोटाने दाखवतो. जरा थांबा." कार्डाच्या मागे वडिलांचा फोन नंबर. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी तेच कन्नडमध्येही लिहून घेतलं. जास्तीचा एक संच गावातल्या आजीकडे ठेवतो, कारण ऊस, पाऊस, बैल यांत कार्डं हरवणारच.

औट्रमघाट
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून. आमच्या शाळेत एका मुलाच्या घरी दखनी बोलतात, दुसऱ्याच्या तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा. चित्राखाली कोणता शब्द लिहावा?

वाचा_नांदेड
दोन्ही. चित्र एकच, जागा एकच, वर शाळेचा शब्द आणि खाली घरचा. घरची भाषा देवनागरीत लिहा म्हणजे तुम्हालाही वाचता येईल. उच्चार त्याच्या आईकडून शिकून घ्या. घरची भाषा फलकावर नसेल तर फलक शाळेतच राहतो.

ऍपमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असेल तर त्याच वयाच्या पोरापोरींचा आवाज भरा. मुलीच्या फलकातून "मी जातो" असं ऐकू येऊ नये.

ज्यांना तपासणी अजून करायची आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतूनही संदर्भ देता येतो. नांदेडच्या बाजूच्या लोकांना मुंबईपेक्षा सिकंदराबाद जवळ पडतं, तिथे बौद्धिक दिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना बघा, १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

जालन्याचा_मास्तर
मी वर प्रश्न विचारला होता. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, पहिलीपासून शेवटच्या बाकावर. त्याच्यासाठी बालाघाट सरांची शब्दयादी घेऊन फलक केला. मोठा छापून फळ्याशेजारी भिंतीवर लावला, सगळ्यांसाठीच. बोलताना बोट ठेवतो. वेळ वेगळा जात नाही, हे खरं आहे. पोरं आपापसात त्यावर बोट ठेवून बोलतात, तो बघत असतो. अजून त्याने स्वतः काही दाखवलेलं नाही. किती दिवस वाट पाहायची?

वाचा_नांदेड
सर, तो बघतोय म्हणजे सुरुवात झालेली आहे. मुदत सांगता येत नाही, काही मुलांना महिने लागतात. फक्त एक करा. भिंतीवरच्या फलकाची छोटी प्रत त्याच्या बाकावर त्याच मांडणीत ठेवा. भिंतीपर्यंत त्याचा हात पोचत नसेल तर दाखवणार कसा? आणि त्याला शेवटच्या बाकावरून पुढे आणा.

मांजराकाठ
आमच्याकडे काय झालं ते सांगते. पाटीच्या चार कोपऱ्यांत "हजर", "नंतर", "पुन्हा सांगा" आणि "सांगायचंय ते इथं नाही" असं लावलं. हजेरीला आता पूर्ण वर्ग थांबतो. मी दहा मोजते, पोरंही मनात मोजतात. ती "हजर"कडे बघते, मग मी पुढचं नाव घेते. पाटी धरायची पाळी आलटून पालटून पोरांकडे असते.

गणिताच्या तासाला ती "इथं नाही"कडे बघत राहिली. ओळी विचारत गेले. व, ह, मग काना. "वहा"वर मला कळेना. "शब्द संपला?" तर नाही. पुढे न ला हो म्हणाली. माझ्या तोंडावर आलेलं "वहाण?" मी गिळलं आणि विचारत राहिले. "पुसू?" ला हो. न खोडला, काना काढला, त्याजागी मात्रेत दुसरी वेलांटी. वही. तिला स्वतःची गणिताची वही हवी होती. आजवर तिला आम्ही चित्रकलेचीच वही देत होतो.

आजी गुरुवारी शाळेत येणार आहेत, पाटी बघायला. पाटीबद्दल दोन शंका आहेत. ऍक्रिलिक उन्हात चकाकतं, तिचे डोळे दिसत नाहीत. आणि घरी न्यायला दुसरी करायची तर केवढी करू?

बालाघाट
वर्गाच्या खिडकीकडे पाठ करून तुम्ही बसू नका, तिलाही बसवू नका. उजेड दोघींच्या बाजूने येऊ द्या. घरची पाटी ए-तीन कागदाएवढी पुरे, कोपरे लांब असले म्हणजे नजर कुठे गेली ते स्पष्ट कळतं. चित्रं दोन्ही बाजूंनी चिकटवा, म्हणजे धरणाऱ्याला आपल्याकडूनही दिसतील. कडा सँडपेपरने घासून घ्या, आजींच्या हाताला लागतील. शब्दयादी आणि वर्णमालेच्या ओळी एका पानावर बसवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी संदेश करा, पाठवतो.